मुधोळ : शिकारी कुत्र्यांचे गाव

मिरजेहून अथणी, जमखंडी करीत निघाले, की उसाच्या फडांमधून रस्ता मुधोळला पोचतो. घटप्रभेच्या खोऱ्यातले हे गाव आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात असले, तरी १९४८ पर्यंत येथे मराठा घराण्यातील घोरपड्यांचे संस्थान होते. कन्नड महाकवी रन्न याचे हे जन्मगाव. पण मुधोळचे नाव देशभर पोचवले ते एका कुत्र्याने!

निमुळते तोंड, खोल छाती, खपाटीला गेलेले पोट आणि लांबसडक पाय. हा कुत्रा वास काढत बसत नाही. दूरवरचा ससा नजरेने टिपतो आणि सुसाट सुटतो. बेडर शिकाऱ्यांजवळची ही कुत्री राजे मालोजीराव घोरपडे यांच्या मनात भरली. त्यांनी तिची निगुतीने पैदास केली आणि एक जोडी बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली. ‘मुधोळ हाउंड’ हे नाव जगापुढे आले ते तेव्हापासून. सोलापूर-लातूरकडे मात्र तो ‘कारवानी’च. कानाशेपटीला रेशमी केस असले, तर ‘पश्मी’.

फ्रान्समधील सरदारांची तऱ्हा वेगळी. त्यांनी इंग्लंडचे काटक फॉक्सहाउंड आणून आपल्या कुत्र्यांशी त्यांचा संकर केला. त्यातून हरीण-रानडुकरामागे वासावर धावणाऱ्या आंग्लो-फ्रेंच जाती निपजल्या. मुधोळचा कुत्रा घडला तो इथल्याच माळरानावर.

संस्थान गेले, १९७२ च्या कायद्याने शिकारीलाही लगाम बसला. तरी जात टिकली, ती आसपासच्या लहान शेतकऱ्यांमुळे. पिल्ले विकून त्यांच्या घराला चार पैसे मिळतात. २००५ मध्ये टपाल तिकिटावर मुधोळ हाउंड झळकला. २०१६ मध्ये लष्कराने काही पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठला नेली. जवळच तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्रही आहे.

मागणी वाढली, की भेसळीची भीती आलीच. संकराने फ्रान्सला नव्या जाती दिल्या. मुधोळात मात्र ग्रेहाउंडशी केलेला संकर जुनी जात पुसून टाकील. म्हणून पिल्लू घेणाऱ्याने आधी त्याचे आईबाप पाहावेत. आणि आपल्या घराजवळ त्याला धावायला मोकळे रान आहे का, हेही!