बाटलीचं झबलं

आमच्या भागात बाईच्या हातात क्रोशाची सुई दिसली, की येणारा-जाणारा हमखास विचारतो, "आज रिकामी का?" निंदणी, वेचणी, धुणं, भांडी, गुरांचं शेण ही कामं. सुई हातात आली की बाई रिकामी. मी चाळीस वर्षं शेती केली आणि त्याहून जास्त वर्षं सुई चालवली. म्हणून या रिकामपणाचा हिशोब एकदा मांडावा म्हणते.

मला विणायला काकूनं शिकवलं. तिची सुई विकतची नव्हती. मोडक्या छत्रीच्या काडीला कानस लावून काकानं टोकाला आकडा करून दिला होता. लोकरही नवी नसायची. जुना स्वेटर उसवायचा, पाटाभोवती लड गुंडाळायची, गरम पाण्याची वाफ द्यायची, की वळलेला धागा सरळ होतो. त्यातून बाळाची टोपडी, झबली, पायमोजे व्हायचे. लग्न ठरलेल्या मुलीच्या रुखवतात तोरण, ताटावर टाकायचा मणी लावलेला रुमाल आणि रेडिओचं कव्हर असायचंच. पुढं टीव्ही आला, त्यालाही झालर लागली. घरात नवी वस्तू आली, की बाया तिचं बाळंतपण केल्यासारखं तिला काहीतरी अंगात घालत. बाटली सगळ्यात शेवटी आली.

पहिल्यांदा मी बाटलीला कव्हर विणलं तेव्हा आमची सासू म्हणाली, "बाटलीले बी थंडी वाजस का व माय?" थंडी नाही, ऊन वाजतं. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 च्या घरात जातो. बांधावर ठेवलेलं पाणी दहा वाजताच चहाला आधण ठेवल्यासारखं होतं. म्हणून तर सालदार पाण्याच्या कॅनला बारदान शिवतो आणि ते ओलं करतो. बारदानातलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतल्या पाण्याची ऊब घेऊन जातं. मडक्याचं गार पाणी याच न्यायानं. विणलेलं कव्हर म्हणजे बारदानाचीच धाकटी बहीण.

पण त्यात एक गोम आहे. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक अॅक्रिलिकची. रंग झकास, हाताला मऊ, पण तो धागा पाणी पीत नाही. भिजवलं तर पाणी निथळून जातं आणि कव्हर लवकर कोरडं पडतं. सुती दोरा पाणी धरून ठेवतो, हळूहळू सोडतो. म्हणून शाळेच्या बाटलीला लोकर आणि शेतातल्या बाटलीला सूत, असं आम्ही ठरवून टाकलं. हवा कोरडी असेल तोवरच हे चालतं. भाद्रपदातल्या दमट हवेत कव्हर नुसतं ओलं राहतं, पाणी काही गार होत नाही.

सूत म्हटलं की मला हसू येतं. दारापर्यंत कापूस पिकतो आणि दोऱ्याचा गुंडा आणायला धुळ्याला नाही तर जळगावला जायचं. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, सगळ्यांचे भोंगे आमच्या डोळ्यांदेखत बंद पडले.

लिटरच्या बाटलीचं कव्हर अवघड नाही. चार-पाच साखळ्यांचं कडं करायचं. त्यात 12 खांब. दुसऱ्या फेरीला प्रत्येक खांबावर दोन, म्हणजे 24. तिसरीला एकाआड एक वाढवत 36. इतक्यात बाटलीचं बूड झाकतं. मग वाढवणं बंद, नुसतं वर चढत जायचं. मध्ये बाटली घालून बघायची, सैल वाटलं तर खांबाऐवजी मुका खांब घ्यायचा. मानेशी जाळी, जाळीतून दोरी, दोरीच्या टोकाला गोंडा. बैलाच्या म्होरकीला गोंडा करणारे हात बाटलीलाही तसाच करतात. खांब मोजायला चुकलं तर कव्हर तिरकं होतं, म्हणून बाया बोलता बोलता मनात मोजत असतात. शाळेत पाढ्यांना घाबरणाऱ्या बाया हा हिशोब कधी विसरत नाहीत.

आमच्या बचत गटात अकरा बाया. सात-आठ वर्षांपूर्वी शहरातल्या एका दुकानदारानं आमची कव्हरं बघितली आणि दोनशे नगांची ऑर्डर देतो म्हणाला. भाव 40 रुपये, लोकर आमची. बाया हरखल्या. मी वही काढली. एका कव्हराला 25 रुपयांची लोकर जात होती. उरले 15. हात चालता असला तरी अडीच तास लागत. दिवसभर मान वाकवून तीन कव्हरं केली, तर 45 रुपये. निंदणीची रोजी तेव्हा दीडशे होती. मी दुकानदाराला हा हिशोब सांगितला. तो शांतपणे म्हणाला, "मावशी, रोजी कशाला लावता? तुम्ही घरी बसून, टीव्ही बघत करता ना?"

त्याचं बोलणं मला फार दिवस टोचलं. पुढं एका शिबिरात नरसापूरची गोष्ट ऐकली. आंध्रात गोदावरीच्या मुखाशी हे गाव. तिथं एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायांना क्रोशाची लेस शिकवली आणि ती लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस नावाची जर्मन बाई तिथं जाऊन राहिली, 1982 मध्ये तिनं त्यावर पुस्तक लिहिलं. तिला दिसलं ते असं, की हजारो बाया दिवसाचे कितीतरी तास लेस विणतात, व्यापार पुरुषांच्या हाती आहे आणि विणणाऱ्या बाईची नोंद मात्र ‘गृहिणी’. काम नाही, फावला वेळ. फावल्या वेळेला रोजी कशी द्यायची? आमचा दुकानदार नरसापूरला कधी गेला नसेल, पण भाषा तीच.

गटाची बैठक बसली. दहा जणी म्हणाल्या, नको ही ऑर्डर. अकरावी गप्प होती. नवरा सोडून गेलेला, बाळ चार महिन्यांचं, कंबर धरलेली. निंदणीला जाणं तिला शक्यच नव्हतं. ती म्हणाली, "तुमना हिशोब खरा शे. पन मना घर मां आज पंचेचाळीस बी नहीत." सगळ्या गप्प झाल्या. वहीतल्या माझ्या आकड्यांना तिच्यापुढं काही उत्तर नव्हतं. दीडशेशी तुलना दीडशे मिळवू शकणाऱ्या बाईनं करायची. तिनं एकटीनं 60 कव्हरं करून दिली. तिला कुणी बोल लावला नाही. उलट आम्ही आळीपाळीनं तिच्या ओसरीवर बसलो आणि बुडं विणून दिली. वरचा भाग तिचा.

त्या पुढच्या आखाजीला आम्ही स्वतःच कव्हरं विकायला काढली. माहेरवाशिणी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, बाया बायांच्या वस्तू हौसेनं बघतात. सुती कव्हर 80 रुपये. "एवढ्याशा जाळीले ऐंशी?" असं विचारणाऱ्या बायाच जास्त. आम्ही सांगायचो, सुताचे तीस, अडीच तासांचे पन्नास. काही हसल्या, काही वळून गेल्या. चार दिवसांत 23 विकली गेली. श्रीमंत कुणी झालं नाही. पण तास सांगितल्यावर भावात घासाघीस कमी होते, हे तिथं कळलं. ज्या बाईनं स्वतः सुई धरली आहे, ती तर मुळीच करत नाही.

कव्हरं आता वर्षाकाठी शंभर-सव्वाशे जातात. आखाजीला नव्यानं साल धरणारे सालदारही घेतात. कंबर धरलेली ती बाई आता गटाची वही लिहिते. आवक, खर्च, शिल्लक हे रकाने पहिल्यापासून होते. तिनं चौथा आखला, ‘तास’. मागच्या हिवाळ्यात माझ्या नातीला मी टोपडं विणलं. ते विकायचं नव्हतं. तरी तिनं विचारलं, "किती येळ लागना, मावशी?" आणि वहीत लिहिलं, टोपडं एक, आवक शून्य, तास चार.