घर कुठे मानायचे?

आमच्या गावच्या घराला चार वाटेकरी आहेत. अब्बा आणि त्यांचे तीन भाऊ. एक चाचा कुवेतला, एक केपटाउनला, एक मुंबईत. घर खाडीच्या काठाला, कौलारू, पुढे पडवी, मागे फणसाची दोन झाडे. चारही कुटुंबे एकाच वेळी आली तर झोपायला जागा पुरत नाही, म्हणून पूर्वीपासून पाळ्या ठरलेल्या. मेमध्ये कोण येणार, ईदला कोण राहणार, हे आधीच फोनवर बोलून घ्यायचे. कौले शाकारायचा, विहिरीच्या पंपाचा आणि घरपट्टीचा खर्च मात्र चौघांत सारखा. त्या वर्षी तुम्ही आलात की नाही, हे कोणी विचारत नाही.

हे सगळे मला आठवले ते गावापासून हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ओरलँडो शहराजवळ.

आपा आणि दुल्हेभाई न्यू जर्सीत राहतात. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत अम्मीला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. तिथे कडाक्याची थंडी, अम्मीचे गुडघे दुखू लागलेले. मुलांच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून दुल्हेभाईंनी सगळ्यांना विमानाने ओरलँडोला नेले. तिथे ऊन आमच्या कोकणातल्या डिसेंबरासारखे कोवळे. मुलांना डिस्नेची जत्रा बघायची होती. आपाच्या मनात मात्र आणखी एक काम होते. तिला तिथे सुट्टीचे ‘घर’ विकत घ्यायचे होते.

वॉल्ट डिस्ने वर्ल्ड 1971 साली सुरू झाले. त्याचा पसारा सुमारे 100 चौरस किलोमीटरचा आहे. चार मोठी उद्याने, तलाव, कालवे, रस्ते आणि त्यांच्यामध्ये विखुरलेली राहण्याची ठिकाणे. यांतल्या काही ठिकाणी टाइमशेअर योजना चालते, तिचे नाव डिस्ने व्हेकेशन क्लब. ती 1991 साली सुरू झाली. टाइमशेअर म्हणजे आमच्या गावच्या घरासारखाच प्रकार. इमारत अनेकांची आणि राहायचे पाळीने. फरक एवढाच, की इथले वाटेकरी एकमेकांचे भाऊ नसतात आणि पाळी फोनवर बोलून ठरत नाही. दरवर्षी तुमच्या नावावर ठरावीक पॉइंट जमा होतात. खोली केवढी, तिच्यातून काय दिसते आणि हंगाम कोणता, यावर एका रात्रीला किती पॉइंट लागणार हे ठरते. नाताळच्या आठवड्याला सर्वांत जास्त.

पॉइंट विकत घेताना एक गोष्ट आधी ठरवावी लागते. तुमचे होम रिसॉर्ट कोणते? तुमचा वाटा कागदोपत्री त्या एकाच ठिकाणच्या मालमत्तेत असतो. राहायला दुसरीकडेही जाता येते, पण तुमच्या होम रिसॉर्टची खोली तुम्हाला 11 महिने आधी राखता येते आणि इतर ठिकाणची 7 महिने आधी. या चार महिन्यांच्या फरकासाठीच होम रिसॉर्टची निवड महत्त्वाची.

आपाने घरूनच ठरवून आणले होते. ‘‘जिथे स्वस्त मिळेल तिथे घेऊ. सात महिने आधी सगळीकडे जाताच येते की!’’

‘‘आधी डोळ्यांनी बघू,’’ दुल्हेभाई म्हणाले. मग चार दिवस आम्ही उद्याने कमी आणि राहण्याची ठिकाणे जास्त पाहिली.

पहिले पाहिले ओल्ड की वेस्ट. क्लबचे सर्वांत जुने ठिकाण. फिकट रंगांची दोन-तीन मजली घरे, मध्ये गोल्फचे हिरवे मैदान, कालव्यातून बाजारपेठेकडे जाणारी नाव. खोल्या या सगळ्या ठिकाणांत मोठ्या. आपा खूश झाली. अम्मी जिन्यापाशी थांबली. तिथल्या बहुतेक इमारतींना लिफ्ट नाही. अम्मीने कठड्याला हात लावला, वर पाहिले आणि म्हणाली, ‘‘खोली मोठी आहे गं, पण मी खालीच बसून राहीन.’’ शिवाय तिथल्या बहुतेक वाट्यांची मुदत 2042 पर्यंतच आहे. हा वाटा कायमचा नसतो. ठरलेल्या वर्षी तो संपतो आणि इमारत परत कंपनीकडे जाते. स्वस्त दिसणाऱ्या वाट्याची उरलेली वर्षे मोजावी लागतात, हे आम्हाला तिथे कळले.

दुसरे साराटोगा स्प्रिंग्स. खूप मोठे आवार, मुदत 2054. दुकाने आणि खाण्याच्या जागांची डिस्ने स्प्रिंग्स ही पेठ तिथून पायी गाठता येते. तिथे खोल्यांची संख्या एवढी, की दुसरीकडचे सभासदही सात महिने आधी बऱ्याचदा जागा मिळवतात. तिसरे बे लेक टॉवर, मुदत 2060. तिथून मॅजिक किंग्डम हे मुख्य उद्यान चालत गाठता येते, रात्रीची आतषबाजी समोर दिसते. लहान मुले असतील तर यासारखी सोय नाही, कारण दुपारी मूल दमले की दहा मिनिटांत खोलीवर आणता येते. बीच क्लबमधून एपकॉट उद्यान असेच पायी अंतरावर आहे आणि तिथल्या पोहण्याच्या तलावाच्या तळाला वाळू आहे. भाच्याला ते फार आवडले. पण त्याचीही मुदत 2042.

समुद्रकिनाऱ्यावरच्या व्हेरो बीचचीही चौकशी झाली. तिथे वाटा स्वस्त मिळतो. पण दरवर्षी भरायचा देखभाल खर्च ओरलँडोतल्या ठिकाणांपेक्षा बराच जास्त. खारा वारा, वादळे आणि विमा. आम्ही खाडीकाठची माणसे, आम्हाला हे समजावून सांगावे लागले नाही. खाऱ्या वाऱ्याने आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्या किती वेळा खाल्ल्या, ते अम्मीला ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी ॲनिमल किंग्डम लॉजच्या किडानी व्हिलेजमध्ये उतरलो. एका रात्रीपुरती आपाने खोली घेतली होती. पोचलो तेव्हा रात्र झाली होती, बाहेर काही दिसेना. सज्जाच्या दाराशी अम्मीने क़िब्ला विचारला. आपल्याकडे पश्चिमेला तोंड करायची सवय. इथून क़िब्ला ईशान्येला. फजरची नमाज झाली आणि उजाडू लागले. अम्मी सज्जात खुर्ची टाकून बसली. थोड्या वेळाने तिने हाक मारली, मोठ्याने नाही, हळूच. समोरच्या गवताळ मोकळ्या रानात दोन जिराफ उभे होते. त्यांच्या मागून लांबलचक शिंगांची आफ्रिकी गुरे संथपणे चरत आली.

‘‘सुब्हानअल्लाह,’’ अम्मी म्हणाली. मग थोडे थांबून, ‘‘एवढी शिंगं घेऊन ही गोठ्यात शिरत कशी असतील?’’

मुले हसली. त्या सकाळी उद्यानात जायची कोणालाच घाई नव्हती. एका शयनगृहाच्या या घरात पूर्ण स्वयंपाकघर होते. आपाने शहरातल्या हलाल दुकानातून आणलेला खिमा परतला, अम्मीने बसल्या बसल्या पराठ्यांची कणीक मळली. लहान स्टुडिओ खोलीत फक्त मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असतो. आपल्या घरांसाठी हा फरक मोठा आहे. आठवडाभर बाहेर काय खायचे, हा प्रश्न एका शेगडीने सुटतो.

उणीव नाही असे नाही. हे ठिकाण इतर उद्यानांपासून दूर, जायला बसच. आतल्या वाटाही लांब. अम्मीला लिफ्टपासून खोलीपर्यंत चाकाच्या खुर्चीतून न्यावे लागले. तरी दुपारी दुल्हेभाईंनी वही उघडली आणि आपाला म्हणाले, ‘‘तू म्हणतेस, स्वस्त असेल तिथे घेऊ आणि राहायला इथे येऊ. आपल्या मुलांना मोठी सुट्टी डिसेंबरच्या शेवटी. त्या आठवड्यासाठी 11 महिने आधी म्हणजे जानेवारीचा शेवट. 7 महिने म्हणजे मेअखेर. रानाकडे तोंड असलेल्या या खोल्या तोवर कोण ठेवणार आहे आपल्यासाठी?’’

आपा गप्प झाली. दुल्हेभाईंचा हिशेब सरळ होता. जी जागा उशिरानेही मिळते, तिथे घर करायची गरज नाही. जी मिळणे कठीण आणि जिच्यावाचून मन भरणार नाही, तेच होम रिसॉर्ट करावे. आणि कधी दुसरीकडे जागा मिळालीच नाही, तर दरवर्षी तिथेच राहायला आपण राजी आहोत का, हेही स्वतःला विचारावे.

मग पैशाची गोष्ट निघाली. कंपनीकडून नवा वाटा घ्यायचा तर एका पॉइंटला 200 डॉलरच्या आसपास किंवा त्याहून जास्त. 150 पॉइंट म्हणजे 30,000 डॉलर. वर दरवर्षी पॉइंटमागे आठ डॉलर देखभाल धरली, तरी 1,200 डॉलर, आणि ती वाढत जाणार. रक्कम हप्त्याने भरायची सोय आहे, पण ती व्याजाने. दुल्हेभाईंनी तो कागद वाचून बाजूला ठेवला. ‘‘सुट्टीसाठी व्याज भरायचे नाही,’’ एवढेच म्हणाले. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या सभासदाकडून वाटा घेणे. तो बराच स्वस्त पडतो. मात्र तो व्यवहार आधी कंपनीसमोर ठेवावा लागतो. तिला हवा असल्यास त्याच भावाने ती स्वतः घेऊ शकते. शिवाय 2019 पासून असे पॉइंट घेणाऱ्यांना नव्या रिसॉर्टमध्ये जाता येत नाही, जुन्या 14 ठिकाणीच ते चालतात. रिव्हिएरा या नव्या ठिकाणचे जुने पॉइंट तर फक्त रिव्हिएरातच.

आपा तरीही त्याच दिवशी सही करायला तयार होती. ‘‘फ्लोरिडाच्या कायद्याने दहा दिवसांत व्यवहार रद्द करता येतो,’’ ती म्हणाली. ते खरे आहे. पण अम्मीने सज्जातूनच विचारले, ‘‘मुदत कधीपर्यंत आहे याची?’’

‘‘2057, अम्मी.’’

अम्मी हसली. ‘‘म्हणजे तुम्हीही म्हातारे व्हाल. बरे. मग एवढे सांगा, दर डिसेंबरला इथे आलात तर गावी कधी येणार?’’

कोणी बोलेना. आपाला गावी येऊन चार वर्षे झाली होती. अब्बांच्या मय्यतीला ती पोचू शकली नव्हती. घराच्या खर्चाचा वाटा मात्र ती कधी चुकवत नव्हती. अम्मीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिने फक्त पाळी विचारली होती.

रात्री दुल्हेभाईंनी पुन्हा वही काढली, या वेळी हिजरी दिनदर्शिकेसह. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. एखादा दिवस इकडेतिकडे धरून 2030 च्या डिसेंबरअखेर रमजान सुरू होईल. 2031 आणि 2032 मध्येही शाळेच्या सुट्टीचा तो आठवडा रोज्यांतच येईल. दर डिसेंबरला जायचे धरून केलेला हिशेब तिथेच मोडत होता. ठरलेला एकच आठवडा विकणाऱ्या योजनेत आपण अडकलो असतो. इथे पॉइंट असल्याने महिना बदलता येतो. एका वर्षाचे न वापरलेले पॉइंट पुढच्या वर्षात टाकता येतात, पण एकदाच, त्याच्या पुढे नाही.

त्यातूनच वाट सापडली. निम्मे पॉइंट घ्यायचे. एक वर्ष साठवायचे, दुसऱ्या वर्षी दोन्ही मिळून इथे राहायचे. साठवायच्या वर्षी गावी यायचे. खर्चही निम्मा, देखभालही निम्मी. त्या सहलीत कोणी सही केली नाही. उन्हाळ्यात दुल्हेभाईंनी एका जुन्या सभासदाकडून ॲनिमल किंग्डमचा छोटा वाटा घेतला, सगळी रक्कम रोख भरून.

भारतातही अशा योजना आहेत. त्यांतल्या अनेकींत होम रिसॉर्ट नसते. हंगाम आणि खोलीचा आकार ठरवून 25 वर्षांसारखे सभासदत्व मिळते. नियम वेगळे असले, तरी घेण्याआधी बघायच्या गोष्टी त्याच. मुदत किती, दरवर्षी देखभाल किती आणि ती कशी वाढणार, आपल्या मुलांच्या सुट्टीत खोली खरोखर मिळते का, वाटा नको झाला तर विकता येतो का. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला तिथे जिना चढावा लागेल का.

गेल्या डिसेंबरात आपा साठवलेल्या पॉइंटवर पहिल्यांदा तिथे गेली. खोली तिने जानेवारीतच राखली होती, मिळाली ती रानाकडचीच. सकाळी तिने फोन सज्जात धरून अम्मीला जिराफ दाखवले. आमच्याकडे तेव्हा संध्याकाळ होती. अम्मी पडवीत बसली होती. तिने जिराफ पाहिले, मुलांची नावे घेऊन दुआ दिली आणि विचारले, ‘‘मेचे तिकीट काढलेस का? कौले शाकारणाऱ्याला सांगून ठेवते. यंदा पाळी आपली आहे.’’