साकी, दिंडी आणि योसेफची विहीर

तंजावरला मी गेले ती शिलालेख बघायला. बृहदीश्वराच्या आवारात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा वंशेतिहास मराठीत कोरून ठेवलाय, हे शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. चोळांच्या देवळात, तमिळ मुलखाच्या मधोमध, आपली बाळबोध अक्षरं! ती पाहिली, डोळे भरून पाहिली. पण घरी परतले ती भलतंच काहीतरी उराशी धरून. गेले पंधरा दिवस माझं एकच चाललंय, भेटेल त्याला थांबवायचं आणि विचारायचं: बेने इस्रायलांची, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंची, मराठी कीर्तनं तुम्हाला ठाऊक होती?

मला नव्हती. पन्नाशी उलटली, सगळा जन्म पुण्यात गेला, कॅम्पातल्या लाल देवळासमोरून किती वेळा गेले असेन त्याची गणती नाही. ते ज्यूंचं प्रार्थनाघर आहे, डेव्हिड ससून यांनी बांधवून घेतलं, एवढं माहीत होतं. पण अब्राहाम, योसेफ आणि मोशे यांची आख्यानं साकी-दिंडीच्या वृत्तांत बांधून, पेटी-तबल्याच्या साथीवर, अस्सल मराठी कीर्तनाच्या थाटात रंगवणारी माणसं याच मुंबई-पुण्यात होऊन गेली, हे मला कळलं ते हजार किलोमीटरवरच्या तंजावरात!

झालं असं. पश्चिम राजवीथीच्या मागच्या एका गल्लीत एक आजी राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, निवृत्त शिक्षिका, घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी. ओळखीतून ओळख काढून मी त्यांच्याकडे पोचले. ओसरीवर झोपाळा, दवऱ्यातून फेसाळत आलेली कापी. आणि त्यांची मराठी! हेल तमिळ, शब्द मात्र असे जुने की आपल्याकडे ते आता पोथीतच सापडावेत. व्यंकोजीराजे १६७६ च्या सुमारास इथे गादीवर बसले, आणि १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांबरोबर ते राज्य संपलं. राज्य गेलं तरी भाषा घराघरांत तशीच राहिली. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे आपलं बोलणं ऐकून हसतात, असं आजी म्हणाल्या. "आमची मराठी खरी नव्हे म्हणतात. मग आम्ही तीनशे वर्षं बोललो काय?" हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. मला मात्र कापीचा घोट गिळवेना.

आजींचे वडील कथा करीत. कथा म्हणजे हरिकथा. तिकडे तिला कथाकालक्षेपम् म्हणतात. इथे मला पहिला धक्का बसला. तमिळ मुलखातली ही सगळी परंपरा मराठी कीर्तनावर उभी आहे! रामदासी मठांमुळे तंजावरात कीर्तन रुजलेलंच होतं. मेरुस्वामी हे रामदासी गोसावी इथले. त्यांची कीर्ती त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारापर्यंत गेली होती. मग १८६० च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरला आले, चातुर्मासभर त्यांची कीर्तनं झाली, आणि ती ऐकून तंजावर कृष्ण भागवतर नावाच्या तरुण गवयाने हा घाट उचलला. कृती कर्नाटक संगीतातल्या, निरूपण तमिळमध्ये, आणि आख्यान पुढे नेणारी वृत्तं? साकी, दिंडी, ओवी, अभंग! आजही चांगला भागवतर, म्हणजे कथाकार, तमिळ कथेत 'दिंडी' म्हणतो आणि तिला दिंडीच म्हणतो. सी. सरस्वतीबाई या बाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, बायकांनी कथेला उभं राहणं कुणाला रुचत नसताना, हाच साज घेऊन सभा जिंकल्या.

"म्हणून दाखवा ना," मी म्हटलं. आजींनी झोपाळा पायाने थांबवला. उजव्या हाताची बोटं फळीवर ठेवली आणि दिंडी धरली. दिंडीचा चरण एकोणीस मात्रांचा: नऊ मात्रांवर क्षणभर विसावा, मग उरलेल्या दहा. त्या विसाव्यावर आजींची करंगळी फळीवरून उचलली जायची आणि पुढच्या मात्रेला अलगद टेकायची. दर चरणाला, न चुकता. शब्द तमिळ होते, मला एक कळत नव्हता. पण ते वळण! आमच्या गावच्या रामनवमीच्या उत्सवात बुवांच्या तोंडून लहानपणी ऐकलेलं तेच वळण! अंगावर सर्रकन काटा आला.

रात्री लॉजवर झोप येईना. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, म्हणून पुण्याच्या मैत्रिणीला फोन लावला. कॉलेजपासूनची मैत्रीण, बेने इस्रायल, आडनाव आपल्यासारखंच 'कर' लागून संपणारं. किहीमकर, पेणकर, दिवेकर, तळकर, आष्टमकर. रायगडातल्या गावांवरूनच ही सगळी नावं पडली आहेत. मी साकी-दिंडीचं पुराण लावलं तशी ती मध्येच म्हणाली, "अगं, साकी-दिंडी आमच्या आजीच्या वहीतपण आहेत की. योसेफ चरित्र."

"कुठलं चरित्र?"

"योसेफ. याकोबाचा मुलगा. आजी कीर्तनातली पदं म्हणायची ना! तुला कधी सांगितलंच नाही का मी?"

तीस वर्षांची मैत्री! तिच्याकडच्या खिरीच्या सणाची खीर खाल्लीये, दारफळणीच्या सणाला तिचा दिवसभराचा उपास माहीत आहे, बिरड्याच्या रोजाला तिच्या आईच्या हातच्या बिरड्याची मी वाट बघायची. आणि हे एक कधी बोलण्यात आलं नव्हतं. रात्री साडेअकरापासून दीडपर्यंत आम्ही बोलत होतो. ती सांगत होती, मी लॉजच्या बिलाच्या पाठीवर लिहून घेत होते.

१८८० साली मुंबईत डेव्हिड हाईम दिवेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. बेंजामिन सॅमसन आष्टमकर हे त्यांतले एक. तोरा या ज्यू धर्मग्रंथातल्या कथा घ्यायच्या, मराठीत आख्यानं रचायची, आणि समाजाला एकत्र बसवून कीर्तन करायचं. आता तारखा शेजारी ठेवून बघा! १८६० च्या दशकात तंजावरचे भागवतर मराठी कीर्तनाचा घाट तमिळमध्ये नेतायत, आणि वीसेक वर्षांच्या आत मुंबईतले बेने इस्रायल तोच घाट मोशेच्या कथेकडे नेतायत. एकमेकांची गंधवार्ता नसताना दोघांनी साकी उचलली, दोघांनी दिंडी उचलली. माझ्या माहितीत मराठीची याहून मोठी दौलत नाही, आणि तिच्याबद्दल आपण बोलतच नाही.

पण बेने इस्रायलांना कीर्तनच का हवंसं वाटलं? याचं उत्तर शोधायला गेले आणि आणखी खोल पाण्यात शिरले. बेने इस्रायलांची मूळ कथा अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले. पुढे कोकणात ते तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. हिब्रू विसरली, ग्रंथ नव्हतेच. राहिला तो शब्बाथ, सुंता, खाण्याचे नियम आणि एक प्रार्थना: शेमा. आणि गंमत म्हणजे याची सगळ्यात जुनी नोंद झाली ती याच तमिळ किनाऱ्यावरून! मद्रासला असलेल्या सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याने १७३८ मध्ये लिहून ठेवलं, की सुरत-राजापूरकडे असे लोक आहेत, स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात, त्यांच्यापाशी शास्त्र नाही, फक्त 'शेमा' तेवढा येतो. त्या वेळी तंजावरात मराठ्यांचंच राज्य होतं.

'शेमा' या हिब्रू शब्दाचा अर्थ काय? 'ऐक'!

फोनवर हे कळलं तेव्हा मी पलंगावरून उठून उभी राहिले. नवविधा भक्तीत पहिलं श्रवण, दुसरं कीर्तन. सगळं वाहून गेल्यावर ज्या समाजाच्या हाती फक्त 'ऐक' एवढा शब्द उरला, तो समाज कीर्तनाकडे वळणार नाही तर कुठे वळेल? मैत्रिणीने पुढे सांगितलं: वल्हांडणाच्या रात्री घरातलं सगळ्यांत लहान मूल प्रश्न विचारतं, आजची रात्र वेगळी का, आणि मोठ्यांनी मिसरातून सुटल्याची गोष्ट सांगायची. त्या रात्रीच्या पोथीचं नावच हग्गादा, म्हणजे 'सांगणं'. नुसती वाचून भागत नाही, आपण स्वतःच तिथून सुटून आलो असं समजून सांगायची असते. शिवाय त्यांच्या पंडितांची जुनी रीत अशी, की शास्त्रातलं एक वचन घ्यायचं, त्यातला अडलेला शब्द उकलायचा आणि तो उकलताना गोष्ट रचायची. त्याला मिद्राश म्हणतात. अहो, हेच तर आमचे बुवा करतात! पूर्वरंगाला एक अभंग लावायचा, त्याच्या एकेका शब्दावर निरूपण, आणि मग उत्तररंगात आख्यान.

एकोणिसाव्या शतकात हिब्रू परत आली, पण ती आली मराठीचं बोट धरून. जॉन विल्सन यांनी बेने इस्रायलांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं ते १८३२ मध्ये. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी पुढे प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. आणि १८७४ ची पुण्याची हग्गादा! विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात शिळेवर छापलेली, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. तिच्यातल्या चित्रांत वल्हांडणाच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडी नेसून बसल्या आहेत. मिसरातून सुटका झाल्याची गोष्ट, आणि पीठ मळतायत आपल्या शेजारणी! मैत्रिणीने त्या पानाचा फोटो रात्रीच पाठवला. मी तो मोठा करकरून पाहत होते. पदर, अंबाडा, पुढ्यातली पोळपाटं.

एक गोष्ट मात्र तिने जरा थांबून सांगितली. तिचे काका साठच्या आधीच इस्रायलला गेले होते. १९६२ मध्ये तिथल्या धर्मपीठाने सूचना काढली, की बेने इस्रायलांशी लग्न लावायचं तर आधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. म्हणजे तुम्ही खरे ज्यू ना, हा प्रश्न. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले, आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला, क्नेसेटला, जाहीर करावं लागलं की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत. मला झोपाळ्यावरच्या आजी दिसल्या. मग आम्ही तीनशे वर्षं बोललो काय? त्या काकांनीही मनात असंच काहीतरी म्हटलं असणार. आणि काकू तिकडेही मराठी पदांची वही घेऊन बायकांबरोबर बसायच्या. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, हे तिने मला इतक्या सहज सांगितलं की जणू ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

पहाटे पुन्हा मोठ्या देवळात जाऊन आले. राजराज चोळाने ते १०१० मध्ये पुरं केलं. त्याच्या दहाच वर्षं आधी चेर राजा भास्कर रविवर्म्याने जोसेफ रब्बान या ज्यू पुढाऱ्याला बहात्तर मानमरातब ताम्रपटावर कोरून दिले. भाषा तमिळ, लिपी वट्टेळुत्तू. हा ताम्रपट कोचीला जपलेला आहे. दगडावर कोरलेली मराठी, तांब्यावर कोरलेली तमिळ, आणि वहीत पेनने उतरलेला योसेफ. माझं डोकं गरगरत होतं.

नऊ वाजता मी पुन्हा आजींच्या ओसरीवर हजर. मैत्रिणीला फोन लावला, स्पीकर चालू केला, फोन झोपाळ्याच्या फळीवर ठेवला. "आजी, ही माझी मैत्रीण. हिच्या आजीच्या वहीतली साकी ऐका."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मैत्रीण आधी लाजली, "मला आजीसारखं येत नाही हं," म्हणाली, आणि मग तिने साकी उचलली. याकोबाचा लाडका मुलगा, त्याचा रंगीबेरंगी अंगरखा, भावांच्या मनातला जळफळाट. आजी पहिल्या चरणाला नुसत्या ऐकत होत्या. दुसऱ्याला मान हलली. तिसऱ्याला बोटं फळीवर आली. चौथा चरण संपता संपता त्या तिच्याबरोबर गुणगुणत होत्या. शब्द माहीत नव्हते, पण चाल पुढे कुठे वळणार ते त्यांना आधीच कळत होतं. साकी संपली. फोनमधून दिंडी सुरू झाली आणि आजींची करंगळी उचलली गेली, नेमकी नवव्या मात्रेवर.

भावांनी योसेफचा अंगरखा ओढून काढला, त्याला कोरड्या विहिरीत टाकलं, आणि वर बसून जेवू लागले. इथे मैत्रीण थांबली. "थांबा हं," तिचा आवाज आला, "वही जुनी आहे. पुढची दोन पानं चिकटलीयेत. सुरी घेऊन येते."

आजी फोनकडे वाकल्या होत्या. झोपाळा कधीचा थांबला होता.

"अगो बाई," त्या फोनला म्हणाल्या, "पोर विहिरीत आहे ना! लवकर बघा, त्यास वर कोणी काढलं?"