डबा कुठे लावायचा?

मेश वाय-फाय बसवायला गेलो की घरचे आधी मला रेंज नसलेल्या कोपऱ्यात नेतात. मागची खोली, गच्चीलगतची बेडरूम, न्हाणीघराला लागून असलेली अभ्यासाची जागा. "इथे एक काडी येत नाही. डबा इथेच लावा." तिथे तो मी लावत नाही आणि वादाला तोंड फुटतं.

हा डबा म्हणजे मेशचा नोड. तो स्वतः इंटरनेट तयार करत नाही. राउटरकडून जे मिळेल तेच पुढे देतो. रेंज मेलेल्या कोपऱ्यात ठेवला तर मोबाइलवर काड्या भरभरून दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल फिरत राहतो. कारण काड्या मोबाइलला नोड कसा ऐकू येतो ते सांगतात. नोडला राउटर ऐकू येतो का, हे त्यात कुठेच दिसत नाही. आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

म्हणून मी शोधतो ती जागा जिथे रेंज अजून शाबूत आहे, पण पुढे ढासळणार आहे. मोबाइलवर सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दाखवणारं ॲप उघडायचं आणि घरभर सावकाश चालायचं. आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे चैन, उणे ६५पर्यंत नोड ठेवायला हरकत नाही, उणे ७५च्या पुढे नुसतं नाव. १० डीबी घटले की ताकद दहाव्या हिश्श्यावर येते, त्यामुळे आकड्यातला लहानसा फरकही मी सोडत नाही.

रत्नागिरीकडचं एक जांभ्याचं घर. फायबर ओटीवर आलेलं, राउटर तिथेच मीटरच्या बोर्डाशेजारी, कारण जोडणी करणाऱ्याला तेवढीच वायर पुरली. मुलगा मागच्या खोलीत बसून कंपनीचं काम करणारा. माजघराच्या दारात उभा राहिलो तेव्हा उणे ६१. दोन पावलं बाजूला सरकून भिंतीआड गेलो तर उणे ७४. म्हणजे दोन पावलांत ताकद विसाव्या हिश्श्यावर. दीड फुटाचा चिरा, त्यात पावसात पाणी धरून बसलेला. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना तो झेपत नाही, २.४ गिगाहर्ट्झच्या जेमतेम पार होतात. शिवाय लहर भिंतीवर तिरकी आली की आतली वाट लांबते आणि बराचसा भाग परत फिरतो. तेव्हा भिंतीशी झगडण्यापेक्षा दारं बघावीत. या घरात ओटीचं, माजघराचं आणि मागच्या खोलीचं दार जवळजवळ एका रेषेत होतं. जुन्या घरांत हे पुष्कळदा सापडतं. नोड माजघरात, त्या रेषेवर, डोक्याच्या उंचीच्या फळीवर ठेवला.

"अहो, नेट हवंय माझ्या मुलाला. माजघरात काय करायचंय ते?" काकूंचा प्रश्न अगदी रास्त होता. मुलाने मागच्या खोलीत मीटिंग लावून दाखवली तेव्हा त्या गप्प झाल्या, पण फळीवरचा लोणच्याचा सट हलवावा लागला याचा राग राहिलाच. वरच्या माडीला वेगळा नोड लागलाच नाही. तिथली जमीन लाकडी फळ्यांची, आणि लाकूड लहरींना फारसं अडवत नाही.

पुण्यातल्या बंगल्यांत नेमकं उलटं. भिंती बेताच्या, पण मध्ये सळयांचा स्लॅब. तिथे वर जायला माणसांना जी वाट, साधारण तीच लहरींना: जिना. मधल्या लँडिंगवर प्लग असेल तर अर्धं काम झालं. नसेल तर मी वायरचा आग्रह धरतो. खरं तर कुठेही धरतो. एकाच रेडिओवर घ्यायचं आणि द्यायचं म्हटलं की प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. नोडला इथरनेटची वायर जोडली की ही रड संपते. भिंती फोडायला कोणी तयार नसतं, पण केबल टीव्हीसाठी घातलेला पाइप बऱ्याच बंगल्यांत आता रिकामा पडलेला असतो. तो कोणाला आठवत नाही, मला आधी तोच दिसतो.

मग सजावट. नोड टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर किंवा मोठ्या आरशाआड लपवू नका, हे सांगावंच लागतं. आरशामागे धातूचा थर असतो. क्रोशाचा रुमाल घातलात तर लहरी अडत नाहीत, हवा अडते आणि डबा तापतो.

नोड जास्त म्हणजे रेंज चांगली, हा समजही जात नाही. फार जवळजवळ ठेवले की फोन जुन्याच नोडला चिकटून बसतो; कधी सोडायचं ते शेवटी फोन ठरवतो, मेश फक्त सुचवतं. तीनचा संच घेतलेल्या लहान फ्लॅटमध्ये मी एक खोक्यातच ठेवायला लावतो.

निघण्याआधी मेन स्विच पाडून बघतो. राउटर इन्व्हर्टरवर आणि नोड साध्या प्लगवर, असं हमखास निघतं. मग लाइट गेली की मागच्या खोलीतलं नेट बंद, आणि दोष वाय-फायला. ही तपासणी दुपारीच उरकावी. संध्याकाळी मालिकांच्या वेळेला मेन स्विचला हात लावू देणारं घर मला अजून भेटायचंय.