पोकळ बाप्पा

गणपतीची मूर्ती भरीव असावी की पोकळ, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पेणहून आलेली मूर्ती मखरात बसली की आपण आरतीला मोकळे! पण इथे स्टेट कॉलेजला माझ्या १६ वर्षांच्या मुलीने सिरॅमिक्सच्या क्लासमध्ये हाताने गणपती घडवायला घेतला, आणि मलाही त्यात डोकं घालावं लागलं.

आपल्या शाडूच्या मूर्तीला भट्टी ठाऊक नसते. ती बहुधा साच्यातून निघते, वाळते, रंगते, डोळ्यांची आखणी होते आणि शेवटी पाण्यात विरघळते. इकडच्या सिरॅमिक कलाकाराच्या मनात मात्र पहिल्या गोळ्यापासून भट्टी असते. भट्टीत जायचं तर मूर्ती पोकळ हवी. जाड, भरीव भागात ओल राहून जाते, तापल्यावर तिची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की मूर्ती फुटते. ही अक्कल आपल्याकडेही जुनीच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती सापडल्या. त्यांतल्या कित्येक दोन साच्यांत अर्ध्या-अर्ध्या काढून जोडलेल्या, आतून पोकळ आहेत. तिथल्या लामतुरे संग्रहालयात त्या पाहायला मिळतात.

साचा नसला तर पोकळ मूर्ती खालून वर बांधत न्यावी लागते, घराच्या भिंतीसारखी. मातीच्या वळ्या करून एकीवर एक ठेवायच्या आणि आतून-बाहेरून लिंपायच्या. जाडी सगळीकडे साधारण बोटाएवढी. खालचा भाग जरा कडक झाल्याशिवाय वर चढायचं नाही, नाहीतर बाप्पा स्वतःच्याच वजनाने खाली बसतो! सोंड, कान, हात वेगळे करायचे. जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे पाडून मध्ये पातळ चिखल लावायचा. कान पातळ, ते आधी वाळतात आणि डोक्यापासून सुटू पाहतात, म्हणून त्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवायचं. आमच्या लंबोदराचं पोट लेकीने आतून हात घालून बाहेर ढकललं होतं. थोडं डावीकडे कललं, पण नुकताच जेवून उठल्यासारखं खरं वाटत होतं.

मूर्ती वाळली आणि क्लासच्या बाईंनी भट्टीत जागा राखून ठेवली. मुलगी लवकरच कॉलेजला जाणार. तिच्या हातची ही मूर्ती घरात राहावी असं मला फार वाटत होतं. तेवढ्यात तिने विचारलं, "बाबा, भाजल्यावर विसर्जन करता येईल?"

मी पडलो इंजिनिअर, खरं तेच सांगणं भाग होतं. नुसती वाळलेली माती पाण्यात टाकली की पुन्हा चिखल होते. पण साधारण ५०० अंश सेल्सियसच्या पुढे मातीच्या कणांच्या रचनेतलंच पाणी निघून जातं, आणि मग ती पुन्हा चिखल होत नाही. तेरच्या मूर्ती एवढी शतकं टिकल्या त्या म्हणूनच.

दोन दिवस ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "नको भाजायला. गणपती आहे ना तो, स्टॅच्यू नाही."

दीड दिवसाने घरामागे टबमध्ये विसर्जन केलं. पोकळ असल्यामुळे पाणी आतूनही शिरलं, बुडबुडे आले. आधी कान गेले, मग सोंड. ते कललेलं पोट शेवटपर्यंत तग धरून होतं. 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना माझा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे बायकोच्या लक्षात आलं. लेक मात्र शांतपणे बघत होती. रंग दिलेला नव्हता, त्यामुळे तळाशी बसलेली माती तिने वाळवली, मळली आणि पिशवीत भरून ठेवली.

मंडळी, यंदा मुलांकडून मूर्ती करून घेणार असाल तर पोकळच बांधायला सांगा. पोकळ मूर्तीला भट्टी आणि पाणी, दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. कोणती धरायची ते मुलांना ठरवू द्या. आमची पिशवी गराजमध्ये फडताळावर आहे. माती ओली राहावी म्हणून मी अधूनमधून पाणी शिंपडतो.