थिजलेला नकाशा

कॉम्प्युटर ही कोरडी वस्तू आहे असं आपण धरून चालतो. पावसात तो पोटाशी धरून पळतो, चहाचा कप त्याच्यापासून हातभर लांब ठेवतो. पण कॅनडाच्या मध्यावर, विनिपेगमध्ये, जानेवारीच्या पहाटे तापमान उणे 30 च्या आसपास गेलं की डॅशबोर्डमध्ये बसवलेला कॉम्प्युटर आत किती पातळ पदार्थ बाळगून आहे ते एकेक करून दाखवू लागतो. डिस्कच्या आसाला तेल आहे, कपॅसिटरमध्ये द्राव आहे, ज्या बॅटरीवर सगळं चालतं तिच्यात आम्ल आहे आणि पडदा तर स्वतःच द्रव. थंडी यातल्या कुणालाच सोडत नाही.

2001 साली तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स हा जेमतेम 17 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा मदरबोर्ड आणला आणि गाडीत कॉम्प्युटर बसवण्याची हौस असणाऱ्यांना हवं ते मिळालं. सात इंची टचस्क्रीन, लॅपटॉपची हार्ड डिस्क, 6 ते 24 व्होल्टचा चढउतार सोसणारा पॉवर सप्लाय, जीपीएस. मीही रेडिओ काढून त्या खाचेत पडदा बसवला. डिस्कवर किशोरीताई आणि भीमसेनजी भरले. बर्फाळ प्रेअरीवर तासन्‌तास गाडी चालवताना भूप लागला की रस्ता संपू नये असं वाटायचं.

उन्हाळ्यात या यंत्राबद्दल सांगण्यासारखं काही नसे. लॅपटॉपच्या डिस्कच्या पत्रकावर कामाचं किमान तापमान 5 अंश लिहिलेलं असायचं, म्हणजे शून्याच्या वर पाच. इथल्या ऐन हिवाळ्यात ते पाच अंश गाडीच्या बाहेर दिसतच नाहीत. वंगण घट्ट झालं की तबकडी फिरवताना मोटर कण्हते, थांबते, पुन्हा जोर लावते. त्याहून मला धास्ती वाटे ती हीटर सुरू झाल्यानंतरची. या डिस्कला हवेचा दाब सारखा राखण्यासाठी एक बारीक छिद्र असतं, गाळणी लावलेलं. आपल्या श्वासांनी दमट झालेली ऊबदार हवा तिथून आत गेली तर गार तबकडीवर दव धरतं, आणि वाचणारं डोकं त्या तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. म्हणून गाडी आतून चांगली तापेपर्यंत डिस्कला वीजच जाऊ द्यायची नाही, अशी सोय मी करून ठेवली होती.

बॅटरीचं दुखणं निराळं. उणे 18 ला तिची ताकद निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं घट्ट झालेलं तेल स्टार्टरकडून जास्त ताकद मागतं. किल्ली फिरवली की व्होल्टेज धाडकन खाली येतं, म्हणून तो 6 व्होल्टपर्यंत तग धरणारा पॉवर सप्लाय. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे 50 लाही गोठत नाही; रिकामी झाली की मात्र उणे सात-आठालाच बर्फ होतो आणि खोकं फुटू शकतं. झोपेत ठेवलेला कॉम्प्युटर रात्रभर थोडीथोडी वीज पीत राहतो, ते इथे परवडत नाही. नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांना 1949 मध्ये ज्या हीटरचं पेटंट मिळालं, त्याच्या कृपेने विनिपेगमधली गाडी रात्री प्लगला जोडून ठेवता येते. पण तो ऊब देतो इंजिनाला. डॅशबोर्ड बाहेरच्याच तापमानाला राहतो.

माझा जीव गुंतला तो पडद्यात. उणे 25 ला त्याच्या मागची नळी आधी पेटायलाच वेळ घेई आणि पेटली की मंद गुलाबी उजेड देई. मग नकाशा उमटे. मी पोर्टेज ॲव्हेन्यूवर वळलो तरी आधीची गल्ली पुसली जात नसे, नवा रस्ता तिच्यावरच चढे. घड्याळातला 4 जाऊन 5 येताना दोन्ही आकडे काही काळ एकाच जागी नांदत. काळ्याचा करडा, करड्याचा पांढरा होताना नुसत्या डोळ्यांनी बघता येई. मला ते बघत बसावंसं वाटायचं.

पडद्यातल्या त्या द्रवाची गोष्ट जुनी आहे. 1888 साली प्रागमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिश रायनित्झर यांना कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचे दोन वितळबिंदू सापडले. 145.5 अंशांना त्याचा दुधट द्रव झाला, 178.5 अंशांना तो नितळ झाला. मधल्या अवस्थेत रेणू वाहतातही आणि एका दिशेला तोंड करून ओळही धरतात. पण इतका तापलेला पडदा कुणाच्या कामाचा? इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने 1970 नंतरच्या काही वर्षांत असा रेणू घडवला, जो साधारण 24 ते 35 अंशांत या अवस्थेत राहतो. खोबरेल तेलही थिजतं ते 24 अंशांच्याच आसपास. डिसेंबरात आई तेलाची बाटली उन्हात ठेवायची. ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग काढला: असे चार रेणू ठरावीक प्रमाणात एकत्र केले की मिश्रण कोणत्याही एका रेणूपेक्षा पुष्कळ खाली जाऊन गोठतं. पुढची मिश्रणं आणखी खाली गेली. गोठणं टळलं, घट्ट होणं टळलं नाही. विजेने हाक दिली तरी रेणू सावकाश वळतात.

रेणूंचं हे सावकाश वळणं आज महत्त्वाचं आहे. मे 2018 पासून अमेरिकेत आणि कॅनडात नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र दिसलं पाहिजे, असा अमेरिकेचा नियम आहे. गाडीसाठीचे पडदे आता उणे 30 ला चालतील असे बनवतात, पण चालणं आणि चटकन चालणं वेगळं. बर्फावरून स्लेज ओढत जाणारं मूल पडद्यावर दिसतं तिथून पुढे गेलेलं असतं. पडदा किती अंशांना किती मागे पडतो, हे गाडीच्या पुस्तिकेत ठळक छापलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

इथल्या मॅनिटोबा विद्यापीठात शिकणाऱ्या साताऱ्याच्या एका मुलाने जुनी गाडी घेतलीय. "काका, डॅशवर फोनच चिकटवला तर?" असं त्याने विचारलं.

"फोनची बॅटरीही ओलीच रे," मी म्हटलं. शून्याखाली चार्ज केली तर लिथियमचा धातू होऊन आत थर धरतो, म्हणून कडक थंडीत फोन चार्जिंग नाकारतात.

तेव्हा त्याच्या गाडीत आम्ही रीतसर यंत्र बसवतोय. डिस्कऐवजी फ्लॅश, हातमोज्यांनी दाबता येईल असा पडदा, गाडी बंद झाल्यावर काही वेळाने वीज पुरती तोडणारा सप्लाय, आणि विमानांच्या पडद्यांवर असतो तसा काचेवर तापणारा इंडियम टिन ऑक्साइडचा थर. काच उजेडात धरून तो म्हणाला, "यात तार कुठंय?" पारदर्शक म्हणूनच तर तो थर वापरतात. आधी हीटर, मग पडदा, मग बाकीचं, असा क्रम लावायला मी त्याला सांगितलंय. मागे जाताना मान वळवून बघायचं, तेही सांगितलंय.