काठमांडूआधी वझ्झर

कळमेश्वरच्या स्टँडवर परतवाड्याची थेट गाडी विचारणारा माणूस बाहेरगावचा, हे कंट्रोलर मान वर न करता सांगतो. इथून आधी काटोल गाठायचं, तिथून जलालखेड्यावरून वरूड, पुढे मोर्शी, चांदूरबाजार आणि मग परतवाडा. पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास तुकडे जोडत जोडत करावा लागतो. नरखेड-बडनेरा लाइन झाल्यापासून वरूड, मोर्शी, चांदूरबाजार रुळावर आले खरे, पण आम्हाला जमेल अशी गाडी नव्हती. लालपरीच धरली. सोबत भाची होती. तिला अर्धं तिकीट, मला पूर्ण. "मामा, तुमच्या एका तिकिटात मी जाऊन परत येते," हे ती काटोलपर्यंत ऐकवत राहिली.

भाची नागपुरात इंजिनिअरिंगला आहे. उन्हाळ्यात मैत्रिणींबरोबर काठमांडूला जायचं, तिथल्या एका अनाथालयात दोन आठवडे लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं, त्यांना खेळवायचं, शेवटी पोखरा बघून यायचं, असं तिचं ठरलं होतं. पैसे आपणच भरायचे, वर सर्टिफिकेट मिळतं. माझ्या बहिणीचा फोन आला, "तू समजव तिले. पैसे देऊन कोणी सेवा करते का?" मला पैशाचं काही वाटलं नाही, लोक चारधामलाही पैसे देऊनच जातात. मला खटकले ते दोन आठवडे. पण मामाने लेक्चर दिलं की भाची कानात हेडफोन घालते, हे माहीत असल्याने मी एवढंच म्हणालो, "आधी माझ्याबरोबर परतवाड्याजवळच्या वझ्झरला चल, तिथेही बेवारस मुलांचं बालगृह आहे. तरी जावंसं वाटलं तर तुझ्या बापाकडून पैसे मी काढून देतो."

काटोल सोडलं की दोन्ही अंगांनी संत्र्याच्या बागा सुरू होतात. डिसेंबर होता, अंबिया बहाराची तोड चालू होती. झाडाखाली बसून बायका फळं निवडत होत्या, धुऱ्यावर क्रेट रचलेले, ट्रकची मागची फळी उघडी. जलालखेड्याच्या पुढे जाम नदी वर्धेला मिळते. संगमावर आमनेरचा जुना किल्ला आहे. बसमधून त्याची पडकी तटबंदी दिसायला डावी-उजवी बाजू आधी नीट विचारून बसावं लागतं, आम्ही उलट्या बाजूला बसलो होतो. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो.

या टप्प्यात मी तिला नेपाळची गोष्ट सांगितली. तिकडे १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चाललं. हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांत दलाल फिरले. मुलांना शिकवतो, सुरक्षित ठेवतो, असं सांगून त्यांनी आईबापांकडूनच पैसे घेतले आणि मुलं काठमांडूत आणून अनाथ म्हणून उभी केली. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण तिथे असाच हौसेने मुलं सांभाळायला गेला होता. पुढे तो हुमल्याचे डोंगर चढून गेला, तर ज्यांना अनाथ समजून त्याने खेळवलं त्यांचे आईबाप घरी जिवंत. आजही नेपाळातली बहुतेक बालगृहं काठमांडू खोरं, पोखरा, चितवन इथे, म्हणजे पर्यटक जातात तिथेच आहेत. गरिबी तर हुमल्यात जास्त. कंबोडियात २०११ मध्ये पाहणी झाली, तेव्हा बालगृहांतल्या चारपैकी तीन मुलांची आई किंवा वडील हयात निघाले. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं 'लागतात', असा तो बाजार आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ चा कायदा करताना त्याला आधुनिक गुलामगिरीत धरलं.

"पण सगळेच तसे नसतील ना," भाची म्हणाली. नसतीलच. तरी ज्या चार वर्षांच्या पोराला दर पंधरा दिवसांनी नवी ताई जीव लावते आणि निघून जाते, त्याचं काय होत असेल? अशी पोरं अनोळखी माणसाच्या गळ्यात धावत येऊन पडतात. आपण म्हणतो, किती लाघवी! आपल्या घरचं पोर असं रस्त्यावरच्या कुणाच्याही कडेवर गेलं तर आपल्याला काळजी वाटते.

मुलं सांभाळायला दूरदेशीची माणसं येण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात आपल्याच मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून केडगावला नेल्या आणि मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बाया आल्या. धर्मांतराबद्दल त्यांच्याशी भांडण असू शकतं, माझंही आहे. पण त्यातल्या कितीतरी जणी तिथेच म्हाताऱ्या झाल्या.

वरूडला चहा, मोर्शीला गाडी बदल. मोर्शी ते चांदूरबाजार हा पट्टा महानुभावांचा. रिद्धपूर इथेच, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय. उतरायचा मोह झाला, पण पुढची गाडी चुकली असती. परतवाड्यापर्यंत जमीन सपाट, आणि मग एकदम समोर सातपुडा उभा. परतवाड्याच्या स्टँडवर वझ्झरचं विचारलं तर पानठेल्यावाल्याने उलट विचारलं, "बाबाच्या इथं जाता काय?" या भागात 'बाबा' म्हटलं की आधी गाडगेबाबा, आणि वझ्झरचं नाव जोडलं की शंकरबाबा.

शंकरबाबा पापळकर मूळचे पत्रकार. गाडगेबाबांच्या विचाराने भारलेले, 'देवकीनंदन गोपाला' नावाचं नियतकालिक काढणारे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला परतवाड्याजवळच्या वझ्झरला अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने बेवारस, मतिमंद, मूकबधिर मुलांचं बालगृह सुरू झालं. मागे अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ होतं. रेल्वे स्टेशनवर, स्टँडवर, उकिरड्यात टाकून दिलेली मुलं पोलीस राज्यभरातून इथे आणून सोडत. अशा १२३ जणांना बाबांनी आपलं नाव दिलं. आधार कार्डावर वडिलांच्या रकान्यात तेच नाव आहे.

सापन धरणाची भिंत दिसली की वझ्झर आलं. टेकडीच्या पायथ्याचं हे आवार एके काळी उघडंबोडकं होतं, हे आज सांगून पटत नाही. याच मुलांनी खड्डे खणून, पाणी वाहून हजारो झाडं जगवली आहेत. ज्याला ऐकू येत नाही त्याने खणायचं, ज्याला दिसत नाही त्याने रोप धरायचं, अशी वाटणी.

भाचीच्या सॅकमध्ये रंगपेट्या, फुगे आणि चित्रांची पुस्तकं होती. अर्ध्या तासाने ती माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "मामा, लहान मुलं कुठं आहेत?"

तीस-पस्तिशीच्या बाया अंगण झाडत होत्या. एक गडी पाण्याचा पाइप ओढत होता. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एकीच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. लहान मुलं हीच. नव्वदीच्या दशकात टोपल्यात, पिशवीत सापडलेली, इथेच वाढलेली, आणि अजून इथेच असलेली. बालन्याय कायद्याप्रमाणे अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडायचं, फार तर अनुरक्षण गृहात आणखी काही वर्षं. धडधाकट पोरालासुद्धा अठराव्या वर्षी गाठोडं घेऊन बाहेर पडणं जड जातं. जिला बोलता येत नाही, आपलं गाव माहीत नाही, अंगावरची माशी हाकलता येत नाही, ती कुठे जाईल? बाबांनी आपल्या पोरांना बाहेर काढलं नाही. अशा अनाथ दिव्यांगांना अठरानंतरही आयुष्यभर राहता येईल असा कायदा करा, हे मागणं ते वर्षानुवर्षं करत आहेत. 'वझ्झर मॉडेल' म्हणतात ते हे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आम्ही राहिलो त्या मुक्कामात भाचीने शिकवलं काहीच नाही, शिकली मात्र बरंच. दुपारच्या जेवणाला तिच्या वाट्याला एक जण आली, जिची मान सावरत नाही आणि ओठ मिटत नाहीत. भाचीने वरणभाताचा घास समोरून दिला. अर्धा बाहेर, अर्धा ठसक्यात. शेजारच्या मूकबधिर ताईने तिचा चमचा काढून घेतला. आधी डावा तळवा त्या पोरीच्या हनुवटीखाली धरला, मान किंचित पुढे वाकवली, मग चमचा गालाच्या आतल्या बाजूला टेकवला आणि थांबली. गळ्याची घाटी खालीवर झाल्यावरच दुसरा घास. बोट दाखवून भाचीला ती घाटी बघायला लावली. मग चमचा परत तिच्या हातात. एका ताटाला पाऊण तास लागला. ही ताई स्वतः टाकून दिलेली. कित्येक वर्षं ती हाच चमचा धरते आहे. दोन आठवड्यांच्या इंग्रजीच्या तासाबद्दल मला जे बोलायचं होतं, ते मग मी बोललोच नाही.

त्याच दिवशी कुठलंसं एक कुटुंब गाडी भरून आलं. बाळाचा पहिला वाढदिवस होता. केक कापला, बिस्किटांचे पुडे वाटले, रांगेत उभं करून मोबाइल निघाले. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे; ही मंडळी वयाने मोठी झाली म्हणून त्यांची लाज कमी झाली असं नाही. माणसं वाईट नव्हती. पण पाऊण तासात ती पुण्य करून मोकळी झाली आणि पुड्यांचे कागद मागे वेचायला पुन्हा याच बाया.

बाबांची भेट ओझरतीच झाली. ऐंशी ओलांडलेल्या माणसाला किती बोलतं करायचं? त्यांच्याबद्दल जे ऐकायचं ते काटोलच्या बसमध्येच कानावर पडलं होतं. २० डिसेंबर २०२०, गाडगेबाबांची पुण्यतिथी. वझ्झरला वाढलेल्या दोघा मूकबधिरांचं त्या दिवशी नागपुरात लग्न लागलं. नवरी नागपूर स्टेशनवर सापडलेली, नवरा डोंबिवलीचा. कन्यादान केलं तेव्हाचे गृहमंत्री, काटोलचे अनिल देशमुख यांनी, आणि नवऱ्याच्या बापाच्या जागी उभे राहिले नागपूरचे जिल्हाधिकारी. आमच्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला ते लग्न आपल्याच गावचं वाटत होतं. मंत्र्यांचं कौतुक मला एरवी फार नाही, पण सरकारने एकदा तरी मुलाकडचं म्हणून उभं राहावं, ही कल्पना मला आवडली.

आणखी एक गोष्ट आमच्या जिल्ह्याच्या जवळची. जळगाव स्टेशनवर तान्हेपणी सापडलेली वझ्झरची एक अंध मुलगी २०२४ मध्ये एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा उत्तीर्ण झाली. तिची नेमणूक नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. म्हणजे कळमेश्वर तहसीलचे कागद जिथे जातात, तिथेच. अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण राज्याने २०१८ मध्ये दिलं, हे खरं. पण तिथवर पोचायला आधी कुणीतरी पुस्तकं वाचून दाखवावी लागतात, परीक्षेत लेखनिक मिळावा लागतो.

थोड्या दिवसांची सेवा फुकटच जाते असं मी म्हणणार नाही. वझ्झरच्या वरच चिखलदऱ्याचा घाट, पलीकडे मेळघाट. बालमृत्यूंच्या बातम्यांनंतर १९९७ पासून पुण्याची 'मैत्री' ही संस्था तिथे ऐन पावसाळ्यात धडक मोहीम काढते. स्वयंसेवकांच्या तुकड्या पाळीपाळीने दहा-दहा दिवस जातात. पण तिथे माणूस बदलला तरी काम तेच राहतं: घरोघरी फिरायचं, आजारी बाळ हुडकायचं, दवाखान्यात पोचवायचं. पोराची आई तिच्या जागी असते. तिची जागा घ्यायला कुणी जात नाही.

परतीच्या गाडीत भाची खिडकीशी बसून झोपली. रंगपेट्या वझ्झरला ठेवल्या, फुगे तसेच परत आणले. उन्हाळ्यात ती काठमांडूला गेली, पण ट्रेकला. पैसे बापाकडून मीच काढून दिले, शब्द दिला होता ना. आता नागपुरात ती अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून बसते. परीक्षेचा हंगाम आला की तिला फोन येतात आणि माणसं कमीच पडतात.

कुणाला वझ्झरला जायचं असेल तर परतवाड्याहून रिक्षा मिळते. आधी फोन करून काय हवंय ते विचारा, केक नेऊ नका, मोबाइल खिशात ठेवा. आणि जाणं जमत नसेल तर जवळच्या अंध विद्यालयात लेखनिक म्हणून नाव नोंदवा; त्याला ना पॅकेज लागतं, ना पासपोर्ट.